सहा वाजेपर्यंत

पत्रिकेत छापलं होतं : रविवार, सकाळी दहा ते सायंकाळी सहा.
भंगाळे सर दर तासाला माईकवर तेच सांगत होते,
कृपया सहाच्या आत कुणी टेबल आवरू नये,
लांबून लोक येतात.

तीनलाच पहिलं कुलूप वाजलं.
सुरतवाल्यानं मखमल गुंडाळली,
मोगलांचे रुपये निजलेल्या पोरांसारखे
एकेक उचलून पेटीत ठेवले.
मग इंदूरचे अल्बम. मग खंडव्याचे दोघे भाऊ,
जे दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते
आणि निघताना एकाच ट्रंकेची दोन टोकं धरून गेले.
एकानं आवरलं की शेजाऱ्याचा हात आपोआप गाठोड्याकडे जातो.
शेजारचं पान उठलं की
आपला घास घशात अडतो, तसं.

भुसावळला हे सोपं आहे.
कार्यालयाच्या गच्चीवरून यार्ड दिसतं,
भोंगा झाला की माणूस अर्धा निघालेलाच असतो.

लुंकड शेठ चार दहाला गेले.
त्यांच्या टेबलाखाली बुटांचं एक खोकं होतं,
'कोणतंही दहा रुपये'.
जुनी पोस्टकार्डं, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही :
लग्न ठरल्याची, म्हैस विकल्याची,
पत्र मिळताच निघून येणे, अशी.
सकाळी मीही त्यात बोटं घातली होती, वेळ जावा म्हणून.

पावणेसहाला तो आला.
एस.टी.चा खाकी सदरा, बिल्ला तसाच,
यावलची फेरी संपवून थेट.
हॉलमध्ये मी, आचाऱ्याचा पोरगा
आणि चोवीस टेबलं, त्यांवर कपांच्या बुडांचे गोल डाग.

म्हणाला, मला शिक्का पाहिजे.
कार्ड कोणाचंही चालेल, फाटकं चालेल,
शिक्का आमच्या गावचा पाहिजे.
गाव धरणात गेलं तेव्हा मी चौथीत होतो.
पोस्ट आमच्याच ओसरीत होतं.
बाप शिक्का मारायचा, मी शाईचं पॅड धरायचो.
मग त्यानं गावाचं नाव सांगितलं.

ते मी सकाळी वाचलं होतं.
तिरकं उमटलेलं, शेवटचं अक्षर फासटलेलं.
वाचून परत खोक्यात सारलं होतं.

हे त्याला सांगावं का?
सांगितलं. चूक केली बहुतेक.
"व्हतं ना?" तो म्हणाला, "म्हन्जे हाये कुठीतरी."
आणि शेठच्या टेबलापाशी जाऊन
खाली वाकून पाहून आला.
तिथे एक रबर होतं, शेंगांची फोलपटं होती.

शेठना मी दोष देणार नाही.
मी सहापर्यंत थांबतो, कारण माझं घर पुलापलीकडे आहे
आणि माझी सगळी दुकानदारी लुनावर मावते.
गेल्या मार्गशीर्षात नाशिकला मी अडीचलाच आवरलं होतं,
गाडीत खिडकी मिळावी म्हणून.
मिळाली. लासलगावला कांद्याचा वास, मनमाडच्या पुढे झोप.
तिथे पावणेसहाला कोण आलं असेल
ते मला कुणी कळवलं नाही.
मी विचारलंही नाही.

त्यानं माझ्याकडून कमळाचं पितळी वीस पैशाचं नाणं घेतलं,
काहीतरी घ्यायचं म्हणून. तीस रुपये.
सुटे मोजून दिले, कंडक्टरच्या बोटांनी, न बघता.
शेठचा नंबर माझ्याकडे नव्हता,
भंगाळे सरांकडे असेल म्हणालो.

सर माईकवर होते.
सर्व विक्रेत्यांचे आभार, रसिकांचे आभार,
रिकाम्या खुर्च्यांना अगदी मानानं.
मागच्या अंगणात उद्याच्या लग्नाची वांगी भाजत होती,
धूर आत येत होता.
घड्याळात सहाला चार कमी.

तेव्हा लक्षात आलं,
तो ओसरीचं सांगत होता तेव्हापासूनच
माझे हात
पाकिटांना रबरं लावत होते.