उभ्या गाडीचा कोळसा

तासगावात, विटा नाक्यावर, एप्रिलच्या उन्हात
दस्तगीर नदाफनं गाडीखालून काढला
एक काळा डबा.
'हुंगा,' म्हणाला.

'टाकी तापली की पेट्रोल उडू बघतं.
ती वाफ इथं येते,
कोळशाला चिकटून बसते गुमान.
गाडी पळाली की व्हॉल्व्ह उघडतो,
इंजिन ओढून घेतं, जाळतं. मिटलं.'

मग घरभर वास का?

टोपण फिरवलं त्यानं. टक् टक् टक्.
त्यात खोट नव्हती.
'कधीपासून उभी आहे?'

'दिवाळीपासून,' म्हणालो.
अण्णा गेल्यापासून, म्हणालो नाही.

'कोळसा तरी किती धरणार हो?
विट्यापर्यंत जाऊन या.'

आरसा अजून अण्णांच्या उंचीला.
तुरची फाट्यापर्यंत
मागचं छतच दिसत राहिलं.