विषाविरुद्ध बारा

इनासच्या तारवटी मामानं चौऱ्याऐंशीत
बोटीवरून आसोळण्याला आणलेलं ते पातळ पुस्तक,
सोबत पाच फासे आणि आकड्यांत भरायला मेणखडू.
पुस्तक वाळवीनं खाल्लं. फासे उरले.
वीस बाजूंच्या फाशाचे कोपरे इतके झिजलेत
की तो थांबायचं विसरतो.

आता आम्ही तेच पुन्हा लिहितोय,
डिचोलीत, ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या माडीत.
खाणी बंद झाल्यापासून खाली कुणी येत नाही,
काउंटरवर एक गिअरबॉक्स तेवढा गिऱ्हाइकाची वाट बघतो.
म्हापशाच्या कोर्टात वकिली करणारी श्यामल गांवस म्हणते,
आकडे कुणाच्या मालकीचे नसतात, वाक्यं असतात.
तेव्हा आकडे तसेच ठेवा,
वाक्यं आपली घाला.

म्हणून तीन फासे, सहा वेळा, पडतील त्या क्रमाने.
अदलाबदल नाही. ताकद पाच आली तर पाच,
तिच्यासकट उतरायचं भुयारात.
म्हणून कवचाचा आकडा जितका लहान तितकं कवच भक्कम;
हे उलटं का, मी चौदाव्या वर्षी विचारलं होतं,
इनासनं अजून सांगितलेलं नाही.
म्हणून पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाला एकच मंत्र,
तो म्हणून झाला की दिवसभर नुसता म्हातारा.

मशालीपाशी अडलो.
मशाल सहा पाळ्या जळते, मी लिहिलं.
श्यामल इतकी हसली की चहा सांडला.
मग घटका? घटका चोवीस मिनिटांची, हिशेब बिघडतो.
फेरी, खेप, डाव करत करत
'दम' ठरला.
दहा मिनिटांचा एक दम.
मशाल सहा दम टिकते.

राक्षसांच्या यादीत मी देवचाराला
चार फाशांचा जीव दिला होता.
इनासनं, रविवारची मीस न चुकवणाऱ्या इनासनं, ती ओळ खोडली.
'त्याला आकडे द्यायचे नाहीत.
एक रोट, एक विडी ठेवायची आणि बाजूनं जायचं.'
पुस्तकात आता तेवढंच आहे.

मग ते पान आलं, वाळवीनं मधोमध खाल्लेलं.
लढवय्याला विषातून वाचायला किती पडावे लागतात?
दुसऱ्या आवृत्त्या पाहिल्या, प्रत्येकीत वेगळा आकडा.
पण आमच्या पुस्तकात?
इनास तेरावर अडून, मी दहावर, तेही उगाच.
रात्री साडेअकराला सगुणला फोन लावला.
सगुण पर्येकर: पासपोर्ट लिस्बनचा, मुक्काम स्विंडनला,
गोदामात खोकी उचलतो, संध्याकाळची पाळी.
प्रश्न संपायच्या आत म्हणाला,
'बारा रे. म्हाका बारा जाय आशिल्ले,
इकरा पडले.'

एकोणनव्वदची मे महिन्यातली दुपार.
पेटीच्या कुलपातली सुई.
त्याचा लढवय्या, नाव धोंड, ताकद सतरा.
सगुणनं कागदाच्या चार घड्या करून खिशात घातल्या
आणि समोर बस उभी असताना
साखळीपर्यंत चालत गेला.

श्यामल म्हणाली, आता पुस्तक आपलंच आहे ना?
अकरा लिहू या.
पलीकडे खोकं टेकवल्याचा आवाज.
'नाका,' सगुण म्हणाला.
'अकरा केलंत तर तो मेलाच नाही.
मग मी त्या दिवशी चालत कशाला गेलो?'

मी बारा टंकला.
समासात इनासनं पेन्सिलीनं एक ओळ वाढवली:
कुलपाला हात लावण्याआधी विचारा, आत काय आहे.
मूळ पुस्तकात ती नव्हती.
हे वाक्य मालकीचं आहे,
मालकाला विचारून घातलंय.