अडीच दिवसांचं माप

काम दोन दिवसांचं. व्हॉल्व्हचा नमुना ठेवायचा टेबलावर,
त्यांनी वाकायचं, आम्ही वाकायचं.
उरतात अडीच दिवस, ओसाकाचे.
शेठ म्हणाले, फिरून घ्या की कंग्राळकर,
परत कोण पाठवणार तुम्हाला.

म्हणून रात्री जेवणं आवरल्यावर
जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूला
मी शहर आखायला बसतो.
प्रमाण : एक सेंटिमीटर, एक तास.
वैजू फोनवर वाचून दाखवते, मी पेन्सिलीनं टिपतो :
किल्ला, कालव्याकाठची दिव्यांची गल्ली, मासळीबाजार,
आणि उमेदा नावाचं स्टेशन, ज्याच्या पोटात माणसं
तास-तास जमिनीखालून चालतात म्हणे
आणि भलत्याच दारातनं वर येतात.
उमेदा. नाव बरं आहे.

"तिथल्या पाट्या तुम्हाला वाचता येणार नाहीत, पप्पा."
अगं, तुझ्या बापाचा जन्म गेला
पाट्या न वाचता पोचण्यात.
खानापूरची बस कुठली, हे ईराण्णानं शिकवलं मला स्टँडवर,
कानडी अक्षर कसलं, वेटोळं घालून निजलेलं मांजर,
ते दिसलं की चढायचं.
मग ती दोन अक्षरं मोठी करून दाखवते :
डोंगरावर ठेवलेला डोंगर, शेजारी रिकामा चौकोन.
म्हणजे बाहेर.
एवढं गिरवून घेतलं पाच वेळा.
आत कुठनंही जाता येतं. बाहेर पडायचं तेवढं शिकून जावं.

ईराण्णाची काळजी निराळी.
शेंगाचटणी ने, भाकरी कडक करून ने,
तिथं पड्डूसारखं काहीतरी गोल-गोल मिळतं,
खाऊ नको, आत ऑक्टोपस असतोय.
(त्याला हे कुणी सांगितलं, देव जाणे.
मी मात्र कागदाच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवलंय :
पड्डू, एक प्लेट.)

गाड्या तिथं मिनिटावर सुटतात.
मी दुसऱ्या गेटात स्कूटर बंद करून
मिरजेच्या गाडीची वाट बघत एकतीस वर्षं काढली,
त्या वेळेची बेरीज केली तर ओसाकात
एक महिना तरी आरामात राहता आलं असतं.
पण वेळ अशी साठवून नेता येत नाही.

तिसऱ्या रात्री खोडरबर घेतलं.
किल्ला खोडला. किल्ला आपल्याकडेपण आहे,
त्यात मी कितीदा गेलो?
बाजार अर्धा केला.
आणि सगळा शेवटचा दिवस मोकळा सोडला
शहराच्या पूर्वेकडच्या त्या भागासाठी, जिथं म्हणे
घराच्या तळमजल्यावर लेथ चालते
आणि वर माणसं झोपतात.
तिथं बघण्यासारखं काही नाही, वैजू म्हणाली.
होय की.
मला नुसतं एखाद्या दारात उभं राहायचंय, पाच मिनिटं.
पोलाद कापताना तिथं तेलाचा वास कसा येतो
आणि बुशी तुटताना आवाज
उद्यमबागेसारखाच येतो का, एवढंच.

कारण एक जपानी माझ्या खिशात
पहिल्या पगारापासून आहे.
मायक्रोमीटर. दांड्यावरची देशाच्या नावाची अक्षरं
माझ्या अंगठ्यानं पुसली गेली.
शून्यावर हल्ली अर्धा दोरा मागे राहतो,
माझ्या गुडघ्यासारखा.
तो बरोबर नेणार, म्हटलं.

"म्हणजे माहेरी नेताय की," सावित्रा म्हणाली,
आणि हसता-हसता खरंच उठली,
लाकडी पेटी उघडून आतल्या मखमलीवर
हळदीकुंकू, चिमूटभर तांदूळ.
ओटी भरल्याशिवाय पाठवायची नाही म्हणे.

वैजू फोनमधनं ओरडली, आई,
तांदूळ चालत नाहीत तिथं, विमानतळावर काढून घेतात!

मग चष्मा लावून दोघं बसलो
आणि एकेक दाणा वेचला. अकरा निघाले.
हळदीचा डाग मात्र मखमलीत मुरला.
त्याबद्दल फॉर्मात कुठं काही विचारलेलं नाही.