निधान

पहिली काच अनगोळच्या पोरानं बसवताना गेली.
कोपऱ्यावर अंगठा दाबला त्यानं, एवढंच,
आणि एक चीर निघाली
वायपरच्या बुंध्यापासून आरशापर्यंत,
घाई नसल्यासारखी.

दुसरी मी कोल्हापुराहून आणली,
टेम्पोच्या हौद्यात, दोन गोधड्यांत गुंडाळून, उभी.
निजवलेली काच खड्ड्यात मोडते,
मक्तुमसाबांनी फोनवर तीनदा बजावलं होतं.
तवंदीच्या घाटात मी तिला पाठीशी घेऊन बसले,
रुसलेल्या पाहुणीला बसावं तशी.

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
त्रेसष्ट सालची फियाट
समोरून उघडी.
जुनं रबर परत नाही घालायचं, मक्तुमसाब म्हणाले,
कितीही चांगलं दिसूदे. ते त्या काचेचं होतं.
आणि ब्लेडनं सोलत गेले, उसासारखं.

खाली गंज. लाल माती.
एक वाळलेली मुंगी.
आणि बोटभर रुंदीचा
हिरवा.

चाळीस वर्षं सांगत आलेय मी, आप्पांची गाडी हिरवी होती.
भाऊ म्हणतो पांढरी. आई पांढरीच म्हणत गेली.
फोटो तर काळे-पांढरेच.
कुणी रंगवली, कधी, का,
विचारायला कुणी उरलं नाही,
आणि हा इथं, रबराच्या आड,
सोलाण्याच्या दाण्यासारखा ताजा.

मी म्हटलं, एवढी पट्टी ठेवा ना.
ते म्हणाले, गंजाला लाड कळत नाहीत, बाई.
खरवडलं. पॉलिश पेपर मारला.
रेड ऑक्साइडचा हात, मग एक दिवस वाळत.
नखात अडकलेला एक कण मी घरी नेला.
मेथी निवडताना तो गेला.

रबराला खाचा दोन.
एकीत काच, एकीत पत्रा.
त्यातली तुझी कुठली,
हे रबराला विचारू नये.

आधी काचेला रबर चढवायचं,
जोड मधोमध, कोपऱ्यात कधी नाही.
मग पत्र्याच्या खाचेत दोरी फिरवायची अख्खी,
टोकं एकमेकांवरून वीतभर,
आत लोंबती सोडायची.
साबणाचं पाणी. तेल नाही,
तेल रबर खातं.

तुम्ही बसा आत, मक्तुमसाब म्हणाले, तुम्हीच ओढा.
नेमू बाहेरून तळव्यानं थोपटेल.
मी आप्पांच्या जागेवर बसले.
दोरी ओढली की रबराची कड उचलते,
पत्र्यावरून आत येते,
मुडपलेला ओठ सुटावा तशी.
एक वीत. दोन वीत.
कोपरा आला आणि माझा हात धावला.

निधान! मक्तुमसाब ओरडले. निधान, री!

इथंच जन्मले, चौसष्टची झाले.
निधान म्हणजे कन्नडात सावकाश, मला ठाऊक आहे,
दूधवाला म्हणतो, कंडक्टर म्हणतो,
जिन्यावरून उतरताना शेजारीण म्हणते.
तरी त्या क्षणी शब्द मराठीतून आला:
जमिनीखालचं, पुरलेलं,
सापडलं तरी घरी नेता न येणारं.
हात थांबला.
दोन्ही भाषांत थांबला.

मग कोपरा आपणहून आला.

नेमूनं पाइप सोडला. मी आत,
डॅशबोर्डवर वर्तमानपत्र अंथरून
डाग पडतो का बघत.
बाहेर शेड, फौंड्रीची चिमणी, मक्तुमसाबांची टोपी
सगळं वितळून वाहत होतं,
कागद कोरडा.
तिसऱ्या मिनिटाला, डाव्या कोपऱ्यात,
वृश्चिक राशीवर
एक थेंब.

मी दाराची काच खाली करून सांगितलं.
मक्तुमसाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं,
तीन चहा सांगितले,
आणि नेमूला म्हणाले, काय बघूलास,
दोरी आण.