उचल

सोहारच्या बंदरात मी क्रेन चालवतो, चौदा वर्षं झाली.
चाळीस मीटर वर काचेची खोली,
खाली हिरव्या जाकिटातला एक माणूस.
त्याच्या हाताकडे बघत माझा दिवस जातो.
अंगठा वर : उचल.
तळवा जमिनीकडे, सावकाश : उतरव.
मूठ : आहे तिथंच धर.
माझी अक्कल तिथं कुणी मागत नाही,
आणि खरं सांगतो, बरं वाटायचं.
घरचंही तसंच. अब्बांनी खूण केली, शाळा सुटली.
मामूंनी उचल घेऊन विमानात बसवलं.
दाभोळच्या घराला कुठला रंग द्यायचा
ते फोनवर कुणीतरी ठरवतं, मी पैसे पाठवतो.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारनंतर
कंपनीनं डॉक्टरकडे धाडलं, डॉक्टरनं वरच्या मजल्यावर.
दार उघडलं तर बाई मराठी निघाली. सरपोतदार.
अंगात लोकरीचं जाकीट, एसी असा की मासळी टिकावी.
दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नव्हेत, जरा तिरक्या.
म्हटलं, झोप लागत नाही. काय करू ते सांगा.
तिचे हात मांडीवर होते.
हलले नाहीत.

‘झोप नाही, आणि आता कुणीतरी सांगावं, असं झालंय.’
माझंच मला परत,
सुट्टे पैसे मोजून हातावर ठेवावेत तसं.
मनात म्हटलं, हिला पगार कशाचा मिळतो?

सांगणारे काय कमी होते?
फोरमन रिपोर्ट दाखवतो : ऑपरेटर निर्दोष.
मौलवीसाहेब म्हणतात, लिहिलेलं होतं.
रुबीना म्हणते, सुट्टी टाकून या, पोरांना बघा.
खोलीतला अश्फाक अर्धी गोळी तोडून देतो.
हे सगळं तिसऱ्या मंगळवारी तिच्यासमोर आपटलं.
ती म्हणाली, ‘सगळे निर्दोष म्हणतात,
आणि दर वेळी तुम्ही आणखी एकटे पडता.’
हे मी बोललो नव्हतो.
बोललो नव्हतो, पण माझंच होतं.

पुढच्या खेपेला तोंडच उघडलं नाही.
भिंतीवर खजूरवाल्या कंपनीचं कॅलेंडर,
त्यातले शनिवार मोजले, मग परत मोजले.
ती बसून राहिली, खाडीच्या तोंडाशी
भरतीसाठी थांबलेला तांडेल बसतो तशी :
होडी ढकलत नाही, दोरही सोडत नाही.
मग कुणाचा तरी आवाज आला, माझाच असावा.

पट्टा सरकला होता. वरून मला दिसला होता.
टेकबहादूरला खालून दिसणं शक्य नव्हतं.
थांबायची खूण कुणीही करू शकतो, नियमच आहे,
पहिल्या दिवशी शिकवतात, चहावालासुद्धा करू शकतो.
मी केली नाही.
त्याचा अंगठा वर होता, आणि मी उचललं.
पाइप आले ते त्याच उजव्या हातावर.

‘तुम्हाला दिसलं होतं.’
तीन शब्द.
त्यात माफी नव्हती, ठपका नव्हता,
आता पुढे काय, तेही नव्हतं.
मी खूप रडलो. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

काल विचारलं, फोन करू का त्याला?
सवय जात नाही माणसाची.
‘करावासा वाटतोय,’ ती म्हणाली, ‘आणि भीतीही आहे.’
म्हटलं, हो. दोन्ही.
त्यावर ती काही बोलली नाही, मीही नाही.

आज पाळी संपली, धक्क्याच्या कडेला उभा आहे.
तेलाचा वास, बगळ्यासारखे पांढरे दिवे.
नेपाळ आपल्या पावणेदोन तास पुढे,
त्याचं जेवण झालं असेल.
खाली बघितलं, हिरवं जाकीट कुठंच नाही.
अंगठा माझाच.
रिंग जातेय.
उचल, टेकबहादूर.
डाव्या हातानं का होईना,
उचल.