हजारात चार

अम्लुख गावाच्या मागे तांब्याचा डोंगर आहे.
आतून पोखरलेला, बाहेरून
हळदी, गेरू, जांभळट, कुठे सुकल्या रक्ताचा रंग.
खाण बंद पडून पिढ्या गेल्या,
वेल्सचा पाऊस रोज येऊन धुतो,
तरी त्या मातीत गांडूळ ठरत नाही.

आणि तिथेही गवत आहे.
विरळ, बुटकं,
वाऱ्याकडे पाठ करून बसल्यासारखं.
दगडी बांधाच्या अलीकडे एलुनेदची मेंढरं चरतात
तेही हेच गवत. नाव एक, बी दिसायला एक.
मधे फक्त दहा पावलं.

मी कुरणातलं बी आणलं, मोजून हजार.
ट्रेमध्ये खाणीची माती भरली,
पाणी दिलं, खिडकीशी ठेवलं.
रुजले जवळजवळ सगळेच.
रुजायला काय, बी आपली शिदोरी घेऊन येतं.
मग मूळ मातीला टेकलं.

दहाव्या दिवशी पिवळे.
विसाव्या दिवशी मी चिमट्याने एकेक उपटत होते,
मुळं जळक्या वातीसारखी आखूड,
आणि वहीत पाच-पाचच्या रेघा ओढत होते.
चार उरले.
हिरवे. काही घडलंच नाही असे.

एलुनेद अंडी द्यायला आली, ट्रेपाशी वाकली.
"म्हणजे हे चार शिकले?"
नाही गं. कुणीच काही शिकलं नाही.
तांबं सोसायचं ह्यांच्यात आधीच होतं,
कुरणात, जिथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता.
खिळ्याला टांगलेली एक किल्ली,
कुठल्या कुलपाची कुणालाच ठाऊक नाही.
कुलूप नंतर आलं.
"आणि बाकीच्यांचं काय चुकलं?"
काहीच नाही.

ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, माझ्या पणजीची आई ह्याच डोंगरावर
दगड फोडायची, डाव्या बोटांत लोखंडी कड्या घालून.
आठ मुलं झाली. तीन जगली.
"ते तिघे म्हणजे तुझे चार का?"

मी चिमटा खाली ठेवला.
त्या पाचांना औषध नव्हतं, एलुनेद,
आणि कोरडं अंथरूण नव्हतं.
ते कुणीतरी देऊ शकलं असतं.
ह्या रेघांत ते घालू नकोस.

चौघांना मी चांगल्या मातीत लावलं,
काळ्या, भुसभुशीत, मेंढ्यांच्या लेंडीची ऊब असलेल्या.
वाटलं, सुटले बिचारे.
पण शेजारी कुरणातलं गवत होतं.
ते गुडघ्याएवढं झालं, हे घोट्याशीच राहिले,
आणि सप्टेंबरात शोधूनही तीनच सापडले.

बांधापाशी अजून एक गोष्ट दिसते, पण
त्यासाठी जूनमध्ये रोज यावं लागतं.
खाणीकडचं गवत आठवडाभर आधी फुलतं.
कुरणाचे पराग वाऱ्यावर येईपर्यंत
ह्यांचं उरकलेलं असतं.
मुहूर्त कुणी काढला नाही.
जे उशिरा फुलले, त्यांना कुरणाचे पराग लागले,
आणि त्यांची पोरं ह्या मातीत पिवळी पडली.
एवढंच, पुन्हा पुन्हा.

कामाला हात आहेत असं वाटतं इतकं ते नेमकं.
हात नाहीत.
चाळणसुद्धा नाही खरं तर,
नुसती भोकं.

आज ट्रे रिकामे केले.
ती माती बागेत टाकता येत नाही,
डोंगरावरच परत न्यावी लागते.
एलुनेद बादलीचं दुसरं टोक धरून आली,
बूट तांबडे झाले दोघींचे.
ओतली. त्यात ते नऊशे शहाण्णवही होते,
म्हणजे त्यांचं जे काही उरलं होतं ते.

वारा कुरणाकडून सुटला होता.
त्यात बी होतं, कुसळाइतकं हलकं,
माझ्या बाहीवर दोन, तिच्या केसांत किती तरी,
उरलेलं सरळ बांधापलीकडे.
मोजावं असं मनात आलं.
वही घरी राहिली होती.