विषय : समुद्रकिनारी एक संध्याकाळ

विषय जिल्ह्यावरून आला, बंद लिफाफ्यात.
लाखेची मोहर नव्हती, स्टेपलर मात्र दोनदा मारलेला.
सव्वादहाला सगळ्यांसमोर फोडला
आणि फळ्यावर लिहिता लिहिता
'किनारी'च्या वेलांटीपाशी थांबलो जरासा.

तेवीस पोरं. वाचनालयात बाकं अकरा,
म्हणून एक जण जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यावर.
समुद्र इथून नेमका किती लांब
हे मलाही सांगता आलं नसतं.
सिंदेवाहीची बस दिवसातून दोनदा,
तिसरी होती, ती बंद झाली.

मागून आवाज आला :
"सर, समुद्रात गाळ रायते का जी?"
पोरं हसली.
मी म्हणालो, कल्पना कर.
बॅनरवर तसंच होतं ना छापलेलं,
सर्जनशील लेखन, वयोगट बारा ते सोळा.

दोन तास पेनं चालली.
बाहेर कोणी मोहफुलं वाळत घातलेली,
त्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास
खिडकीतून येऊन प्रत्येक समुद्रावर बसला असणार.

रात्री तपासायला घेतले.
एकोणीस समुद्र फेसाळत होते.
चौदांत सूर्याचा लाल गोळा बुडाला,
एकात पूर्वेला. अर्धा गुण कापला.
भूषण गेडामचा भाऊ रत्नागिरीला बोटीवर आहे,
त्याच्या समुद्राला डिझेलचा वास होता
आणि पगार दहा तारखेला.
पराग लेनगुरेच्या समुद्रावर
म्हशी उतरल्या पाणी प्यायला
आणि प्याल्या, पोटभर,
एकीनंही तोंड वाकडं केलं नाही.
तिथं मी बराच वेळ लाल पेन नुसतं धरून होतो.

रुचिता मारबते, इयत्ता नववी. एकच पान.

"म्या समुद्र पायला नाई. आमच्याकडं बोडी हाय.
चैतात तिच्यात बाबाच्या घोट्याएवढं पाणी रायते.
बाबा म्हनते, पानी रायलं तं बोडी, आटलं तं वावर.
सांजच्याले बाबा जाळं झटकते अन् मी काठावर बसून मोजतो.
काल चार मरळ. त्यातली एक परत पान्यात गेली,
ते मी बाबाले सांगतलं नाई.
ज्यानं हा विषय देला त्यानं आमची बोडी पायली नाई.
म्हणून फिट्टंफाट."

विषयाला धरून : वीस.
शुद्धलेखन : दहा.
अक्षर, कल्पना : दहा, दहा.
'पायला' भोवती गोल केला,
मग पुसायला गेलो.
लाल शाई पुसत नाही, कागद तेवढा फाटतो.

मलाही एकदा नंबर मिळाला होता, दुसरा,
एक्याण्णव साली, तालुक्याला.
विषय : माझा विमानप्रवास.
माझं विमान कापसासारख्या ढगांतून गेलं,
वर्गातल्या सगळ्यांचीच तिथून गेली.
बक्षीस स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं,
आडनावात एक अक्षर कमी.
त्यात आता बायको मीठ ठेवते.

तीन नावं पाठवायची होती.
पहिलं फेसाळच गेलं, खोटं कशाला सांगू,
अक्षर मोत्यासारखं होतं त्याचं.
दुसऱ्या म्हशी.
तिसऱ्याशी पहाटेपर्यंत घोळ घातला
आणि 'विषयाला धरून'च्या चौकोनात
जे आकडे लिहिले
त्यांचा हिशोब मला कोणी विचारू नये.

संध्याकाळी सायकल बोडीकडं वळवली.
ती काठावर होती, फ्रॉकच्या ओच्यात शिंपले.
"सर, नंबर आला का जी?"
"तिसरा. अजून वर जायचंय, पण इथला तिसरा."
"तिसऱ्याले काय भेटते?"
"वही."
तिनं पाण्याकडं पाहिलं, बाबाकडं, परत माझ्याकडं.
"किती पानाची?"

दोनशे, मी ठोकून दिलं.
परिपत्रकात वहीचा उल्लेखच नाही.
आता उद्याची सकाळची बस धरायची,
सिंदेवाहीत दुकानं दहाला उघडतात.